दसऱ्याआधी गाड्या धुण्याची ‘खरी कमाई’: खारपाणपट्ट्यातल्या एका शाळेचं प्रकरण

पार्श्वभूमी

अकोला जिल्ह्याच्या उत्तर भागातलं एक बाजाराचं गाव. दहावीपर्यंतची शाळा, तिच्यात स्काऊट आणि गाईडचं पथक. गावाचं आणि शाळेचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही. या शाळेत मी शिकवत नाही. मात्र मुलांची नियोजनाची वही आणि हिशोबाचे कागद मी पाहिले आहेत, आणि गाड्या धुतल्या ते दोन्ही दिवस जागेवर होतो.

शाळेनं दहावीच्या मुलांसाठी संध्याकाळची अभ्यासिका सुरू केली होती. परीक्षेच्या दिवसांत नेमकी वीज जाते, म्हणून इन्व्हर्टर आणि बॅटरी हवी होती. दुकानदारानं बसवून देण्यासकट १९,५०० रुपये सांगितले. माजी विद्यार्थ्यांनी ८,००० जमवून दिले. उरलेले साडेअकरा हजार कुठून आणायचे, इथून हे प्रकरण सुरू होतं.

स्काऊट-गाईडमध्ये ‘खरी कमाई’ हा उपक्रम वर्षानुवर्षं चालतो. मुलांनी काम करायचं आणि त्या कामाचे पैसे आणायचे. पण बहुतेक शाळांत त्याचं रूप ठरून गेलंय: भेळ, पाणीपुरी, ताकाचे स्टॉल. सामान आई भरून देते आणि बाबा येऊन विकत घेतात. घरातला पैसा घरातच फिरतो, कमाई कसली? या पथकातल्या नववीच्या मुलांनी हीच हरकत घेतली आणि ‘गाड्या धुऊ’ हा प्रस्ताव पुढे आला. वर्गणीचा पर्याय कुणी काढलासुद्धा नाही. गणपती आणि देवी पाठोपाठ येऊन गेल्या की पावतीपुस्तक दिसताच लोक रस्ता बदलतात.

दिवस कोणता, यावर फार वाद झाला नाही. पोळ्याला चिखल असतो, धुतलेली गाडी घरी पोचेपर्यंत होती तशी होते. दिवाळीत मुलं मामाच्या गावाला. दसरा मात्र सोयीचा: खंडेनवमीला औजारांची, दसऱ्याला गाड्यांची पूजा, त्यामुळे नवमीच्या संध्याकाळपर्यंत प्रत्येकाला गाडी चकचकीत हवी असते. अष्टमीची संध्याकाळ, नवमीची सकाळ आणि नवमीची संध्याकाळ अशा तीन पाळ्या ठरल्या.

नेमकी अडचण

मुलांच्या वहीत पहिल्या पानावर सामानाची यादी आहे: वॉशिंग पावडर ५ किलो, घासण्या, जुनी फडकी, बादल्या, पाइप, डिझेल. पाण्याचा उल्लेख नाही. शाळेत बोअर आहे, मोटार आहे, पाणी भरपूर आहे, असं सगळ्यांनी धरून टाकलं होतं.

भरपूर होतंच, पण खारं. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. इथे बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, आणि स्टीलची बादली वाळली की तिच्यावर पांढरी रांगोळी उमटते. गाडीच्या काळ्या टाकीवर हीच रांगोळी उमटली तर दसऱ्याच्या पूजेला ती शोभणार का, हा प्रश्न गाईडच्या मॅडमनी विचारला. डाग ही वरवरची गोष्ट झाली. क्षारातले क्लोराइड स्पोकमध्ये, चेनमध्ये, डिस्कच्या बोल्टजवळ बसून गंज धरतात, तो नुकसानीचा भाग.

म्हणजे साहित्याची यादी करण्याआधी पाणी ठरायला हवं होतं. किती गाड्या घ्यायच्या, कशा धुवायच्या, कोणता साबण, कोणती जागा, दर किती, सगळं पाण्याच्या मागून येणार होतं. पथकाच्या तिसऱ्या बैठकीत हे लक्षात आलं. दसऱ्याला तेव्हा अजून अवकाश होता, म्हणून निभावलं.

पाण्याचे पर्याय

गावातल्या आरओ प्लांटवाल्याकडे टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं खिशातलं मीटर आहे. मुलं बाटल्यांमध्ये नमुने घेऊन त्याच्याकडे गेली. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंतचं पाणी चांगलं धरतात, दुसरी सोयच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. शाळेच्या बोअरचा आकडा आला २,४०० च्या घरात.

दुसरा पर्याय खुद्द प्लांटवाल्यानंच सुचवला: “आमचं वाया जाणारं पाणी न्या ना, फुकट हाये.” मुलं खूश झाली. पण आरओमध्ये गोडं पाणी एकीकडे निघतं आणि त्यातला बहुतेक सगळा क्षार उरलेल्या पाण्यात गोळा होतो. गोड्या पाण्याच्या गावात असं वाया गेलेलं पाणी गाडीला चालून जाईल. इथे मूळ पाणीच खारं. त्या नमुन्याचा आकडा ४,००० च्या वर गेला आणि प्रस्ताव तिथेच संपला. फुकटचं म्हणून घेतलं असतं तर सगळ्यात महाग पडलं असतं.

तिसरा पर्याय नळाचा. धरणातून येणारं हे पाणी गोडं, पण रोज येत नाही. ज्या गावात बायका नळ आला की हातातलं काम टाकून पाणी भरायला धावतात, तिथे त्याच पाण्यानं मुलं मोटारी धुताना दिसली असती, तर इन्व्हर्टर राहिला बाजूला, मुख्याध्यापकांना गावात फिरणं कठीण झालं असतं. ग्रामपंचायतीला विचारायलाही कुणी गेलं नाही. हे बरोबरच झालं.

चौथा पर्याय एका मुलाच्या काकांच्या शेततळ्याचा. अस्तर टाकलेलं शेततळं, पावसाचं पाणी, टीडीएस २०० च्या आत. पाणी फुकट, टँकर भरून आणायचं ट्रॅक्टरभाडं तेवढं ७०० रुपये. खोट एकच, पाणी गढूळ. काळ्या मातीचा बारीक गाळ पाण्यात तरंगत राहतो, लवकर खाली बसत नाही. म्हणून ५,००० लिटरचा टँकर आदल्या रात्री आणून शाळेच्या रिकाम्या टाकीत ओतायचा, तुरटी फिरवायची आणि सकाळी वरचं पाणी वापरायचं, असं ठरलं.

शेवटी निवड मिश्र झाली. बोअरचं पाणी टाकून द्यायचं नाही. चाकं आणि मडगार्डचा चिखल भिजवायला ते, शाम्पूला आणि शेवटच्या धारेला शेततळ्याचं. मुलांनी फळ्यावर लिहून ठेवलं: ‘आधी खारं, शेवटी गोडं.’ खाऱ्या पाण्यात भिजलेला भाग गोड्या पाण्यानं धुतल्याशिवाय उन्हात सोडायचा नाही, ही त्याची अट.

किती पाणी लागेल?

या प्रकरणातला मला सगळ्यात आवडलेला भाग हा. एका मुलीनं शाळेच्या पाइपाखाली १५ लिटरची बादली ठेवून घड्याळ लावलं. बादली मिनिटभरात भरली. मोटारसायकल धुताना पाइप दहा मिनिटं चालू राहतो, म्हणजे एका गाडीला १५० लिटर. ८० मोटारसायकली धरल्या तर १२,००० लिटर. मोटारीला वीस मिनिटं, म्हणजे ३००, आणि १५ मोटारींना ४,५००. एकूण साडेसोळा हजार लिटर, म्हणजे तीन टँकर भरून वर दीड हजार.

बादली आणि मगानं काम केलं तर मोटारसायकलला साधारण ८ लिटर खारं आणि १२ लिटर गोडं, मोटारीला २५ आणि ३५. गोड्या पाण्याचा हिशोब १,४८५ लिटर. त्यावर दीडपट धरून सव्वादोन हजार. एकाच टँकरमध्ये काम होऊन वर पाणी उरणार होतं. पाइप त्या दिवशीच यादीतून गेला.

साहित्याची यादी कशी बदलली

वॉशिंग पावडर खोडली गेली. कपड्याच्या पावडरीत सोडा असतो. तो रंगावरचं मेण उतरवतो आणि नीट धुतला नाही तर पांढरे ओघळ ठेवून जातो. तिच्या जागी गाडी धुण्याचा शाम्पू आला. तारेची घासणी गेली, स्पंज आणि मायक्रोफायबरची फडकी आली. चेनच्या आणि इंजिनाच्या खाचांसाठी दोन इंची रंगाचे ब्रश, टायरला काथ्याचे ब्रश. पुसायला घरून जुन्या सुती साड्या आणि धोतरं मागवली. पहिल्या खेपेला शर्टही आले, बटणांसकट. बटण टाकीवरून फिरलं की चरा ठरलेला, तेव्हा गाईडच्या मुली कात्री घेऊन बसल्या आणि त्यांनी एकूण एक बटण, हूक, चेन कापून काढली.

बादल्या दोन रंगांच्या. लाल फक्त चाकांना, निळी फक्त वरच्या अंगाला. चाकातली खडेदार माती टाकीवर जाऊ नये, एवढाच हेतू.

डिझेलवर मात्र गरमागरमी झाली. गावाकडे गाडी धुतली की खालून डिझेल मारून घ्यायची पद्धत आहे, आणि गिऱ्हाईक ते मागणारच. पण डिझेलनं रबर फुगतं, त्यावर धूळ चिकटते, आणि ते सगळं बाजाराच्या नालीत जातं. स्काऊटच्या सरांनी नाही म्हटलं, आणि फलकावर ‘डिझेल मारून मिळणार नाही’ अशी ओळ घालायला लावली.

फवारणीचा पंप

शेवटच्या धारेसाठी पोरांनी डोकं लढवलं: पाठीवरचा फवारणीचा पंप. १६ लिटरची टाकी, बारीक तुषार, दाब बेताचा, पाणी मगाच्या निम्म्यानं लागतं. कल्पना फारच चांगली. बैठकीत आठ-दहा हात वर झाले, ज्याच्या त्याच्या घरी पंप होता.

आणि इथेच स्काऊटचे सर अडून बसले. दिवस सप्टेंबर-ऑक्टोबरचे, कपाशीवर फवारण्या चालू. त्या पंपांत आठवड्यापूर्वी काय होतं, कुणी सांगावं? तीनदा विसळला तरी वॉशरमध्ये, नळीत, नोझलमध्ये औषध राहतं, आणि तो तुषार मुलांच्याच तोंडावर येणार. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले, ते विदर्भातलं कुठलंही घर विसरलेलं नाही. वापरलेला एकही पंप आणायचा नाही, असा निर्णय झाला. एका पालकानं नुकताच बॅटरीचा पंप घेतला होता, पेटी फोडायची होती. तो दोन दिवस मिळाला.

त्यावरून दुसरा प्रश्न निघाला, आणि तो विचारला एका आठवीतल्या मुलानं. पंप आपला नवा असला तरी गाडी जुनीच ना? मोटारसायकलच्या टाकीवर पंप ठेवून, हँडलला औषधाची पिशवी अडकवून रोज शेतात जाणाऱ्या गाड्या गावात कमी नाहीत. कूपन घेताना प्रत्येकाला विचारायचं ठरलं: “या गाडीवर फवारणीचं सामान नेता का?” होय म्हटलं तर पहिलं पाणी मोठा माणूस मारेल, मुलं रबरी हातमोजे घालूनच हात लावतील, फडकं वेगळं. मोजे मात्र दहाच जोड आणले होते. एवढ्या मुलांना ते थोडेच.

माणसांचे प्रश्न

साहित्य जुळलं, तोवर एक पालक शाळेत आले. “काऊन वो सर, आमच्या पोट्ट्यानं लोकाईच्या गाड्या धुवाच्या काय? हेच शिकाले पाठोतो का आमी?” त्यांच्या रागात कामाची लाज होती, आणि मुलांकडून कोणीही फुकट काम करून घेईल ही भीतीही होती. दुसरी गोष्ट खरीच होती. पलीकडच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावं झाडली, हे शाळेत दरवर्षी सांगतात. मुख्याध्यापकांनी ते भाषण टाळलं, आणि चांगलं केलं. त्यांनी तीन नियम जाहीर केले: फक्त आठवी ते दहावी, तेही पालकांची लेखी संमती असेल तरच. प्रत्येक चमूसोबत एक शिक्षक हातात स्पंज घेऊन उभा. आणि शाळेतल्या एकाही शिक्षकाची गाडी या दोन दिवसांत धुतली जाणार नाही, पैसे देऊनही नाही. तिसऱ्या नियमानं तक्रार करणारे पालक गप्प झाले. त्यांचा मुलगा आला, मोटारीच्या चमूत होता.

दुसरा प्रश्न गावातल्या एकुलत्या वॉशिंग सेंटरचा. वर्षातले त्याच्या कमाईचे दोन दिवस हेच, आणि शाळा कमी दरात दुकान मांडणार. काही शिक्षकांचं म्हणणं, दोन दिवसांनी त्याला काय फरक पडतो? फरक पडतो. दर ठरवण्याआधी सर आणि दोन मुलं त्याच्याकडे गेली हा या नियोजनातला शहाणपणाचा भाग. तडजोड अशी निघाली की ट्रॅक्टर, गाडीचा खालचा भाग, प्रेशरचं काम आणि ऑईल शाळा घेणार नाही. मोटारसायकल ५० रुपये, मोटार २००, यापेक्षा खाली जायचं नाही. बदल्यात त्यानं आदल्या दिवशी मुलांना अर्धा तास शिकवलं. गर्दी झाली की नुसत्या मोटारसायकलवाल्यांना तुमच्याकडे पाठवतो, असंही म्हणाला, आणि त्यानं खरंच पाठवले.

जागा आठवडी बाजाराची ठरली, ग्रामपंचायतीच्या परवानगीनं. शाळेचं मैदान काळ्या मातीचं, दहा बादल्या सांडल्या की तिथे गाडी धुवायची सोडून गाडी काढायची वेळ येते. बाजारात सिमेंटचा कोबा, नाली आणि दोन मोठे कडुनिंब. ऑक्टोबरच्या उन्हात पत्रा तापला की शाम्पू जागेवरच वाळतो, म्हणून सकाळी साडेसहा ते साडेदहा आणि संध्याकाळी चार ते साडेसहा, एवढंच काम. वर हिरवी नेट.

धुण्याची पद्धत

वॉशिंग सेंटरवाल्या भाऊंनी शिकवलेलं आणि वहीत उतरवलेलं असं. गाडी आली की आधी सायलेन्सरला हात न लावता अंदाज घ्यायचा. तापलेला असेल तर गाडी सावलीत थांबवायची. सायलेन्सरच्या तोंडाला पिशवी आणि रबर, चावीच्या भोकाला चिकटपट्टी. स्विचेसवर आणि प्लगजवळ धार नाही.

मग मडगार्ड. काळी माती वाळली की दगड होते, कोरडी खरवडली तर रंगही घेऊन जाते. पण पाणी पिऊन ती फुगते आणि आपसूक सुटते. त्यासाठी जुना बारदाना खाऱ्या पाण्यात बुडवून मडगार्डवर आणि चाकावर लपेटून ठेवायचा आणि तोवर दुसरी गाडी हाती घ्यायची. दहा-पंधरा मिनिटांनी लाकडी काडीनं ढेकूळ अलगद खाली पडतं. मुलांना ही युक्ती फार आवडली, सगळ्यांना काडीच हवी होती.

नंतर निळ्या बादलीतला शाम्पू वरून खाली, गोड्या पाण्याची धार, आणि लगेच पुसणं. चेन कोरडी करून चेनचं तेल, तेही डिस्कपासून दूर. शेवटी मालकाला सांगायचं की गाडी हळू चालवत दोन-चारदा ब्रेक दाबा, पाणी निघून जाऊ द्या.

प्रत्यक्ष दोन दिवस

मुलं २६. मोटारसायकलींचे चार चमू चार-चार जणांचे, मोटारींचा एक पाच जणांचा, उरलेले पाच जण कूपन आणि फडकी धुण्यावर.

अष्टमीची संध्याकाळ संथ गेली. लोक पाहायला आले, उभे राहिले, चहा पिऊन गेले. नवमीची सकाळ मात्र उत्तम. कूपनावर वेळ लिहिली होती, सकाळच्या बहुतेकांनी ती पाळली.

साडेनऊला शेततळ्याचे काका ट्रॅक्टर घेऊन आले. आता काय करता? ट्रॅक्टर घ्यायचा नाही हा वॉशिंग सेंटरशी झालेला शब्द, आणि ज्याच्या पाण्यावर सगळं चाललंय तो माणूस समोर उभा. “बावा, नुसतं बोनेट मारून द्या, पूजेपुरतं.” सरांनी मध्यममार्ग काढला: बोनेट आणि वरचे मडगार्ड, चाकं नाहीत. नुसत्या बोनेटला पाऊण तास गेला आणि भरपूर पाणी. एअर क्लीनरच्या तोंडात आणि रेडिएटरच्या जाळीत पाणी मारायचं नाही हे मुलांना ठाऊक नव्हतं, काकांनीच ओरडून सांगितलं. वॉशिंग सेंटरवाले भाऊ संध्याकाळी हसत म्हणाले, “दिसला मले तो ट्रॅक्टर.”

नवमीच्या संध्याकाळी ज्यांच्या कूपनावर सकाळची किंवा आदल्या दिवसाची वेळ होती असे पंधरा-वीस जण आणि वॉशिंग सेंटरकडून पाठवलेले, सगळे पाचच्या सुमाराला एकदम आले. रांग कडुनिंबापासून रस्त्यापर्यंत. धुणं अडत नव्हतं, पुसणं अडत होतं. कोरडी फडकी संपली होती. ओल्या फडक्यानं पुसलेल्या गाड्या उन्हात वाळल्या, आणि गोड्या पाण्याचेसुद्धा पुसट ओघळ राहिले. चेनला तेल घालणं या गडबडीत बऱ्याच गाड्यांवर राहून गेलं.

याच गडबडीत मोटारीचं प्रकरण झालं. गडद निळी मोटार रांगेत पुढे आली होती, बादल्या बदलायला गेल्या होत्या. मोकळं उभं राहण्यापेक्षा म्हणून एका मुलानं हातातल्या कोरड्या फडक्यानं बोनेटवरची धूळ पुसायला घेतली, गोल गोल. शेतरस्त्याची धूळ ती, बारीक वाळूसकट. पाणी मारून पुसून झाल्यावर मालक तिरप्या उन्हात वाकून पाहू लागले, तेव्हा बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल चरे उमटलेले दिसले. त्यातले काही जुने असतील, पण आधी फोटो काढलेला नव्हता, तेव्हा बोलणार कोणत्या तोंडानं? मुलानं घाबरून फडकं लपवलं. सरांनी ते मागून घेतलं, मालकांना दाखवलं आणि २०० रुपये परत केले. मालक सज्जन होते, पॉलिश मारून घेतो म्हणाले आणि गेले.

एक स्कूटर सुरूच होईना. प्लगच्या टोपीत पाणी गेलं होतं. समोरच्या मेकॅनिकनं टोपी काढून फुंकर मारली, पैसे घेतले नाहीत.

हिशोब

मोटारसायकली आणि स्कूटर मिळून ९२, म्हणजे ४,६०० रुपये. मोटारी १३, एकीचे पैसे परत, म्हणून २,४००. मदतपेटीत २,३५०. एकूण ९,३५०.

खर्च: ट्रॅक्टरभाडं ७००, शाम्पू आणि फडकी १,४८०, ब्रश आणि मोजे ४२०, मुलांचा नाश्ता ६५०. एकूण ३,२५०. हातात ६,१०० राहिले. माजी विद्यार्थ्यांचे ८,००० धरून १४,१००, अजून ५,४०० कमी. दुकानदारानं उरलेली रक्कम हप्त्यांनी घ्यायचं कबूल केलं आणि इन्व्हर्टर बसला. उद्दिष्ट गाठलं नाही, हे मुलांनी परिपाठात आकड्यांसकट सांगितलं.

गोडं पाणी सव्वादोन हजार लिटर लागेल असं धरलं होतं, लागलं साडेतीन हजारांहून जास्त. ट्रॅक्टरनं काही खाल्लं, पण मोठी चूक दुसरीकडे होती. फडकी पुन्हा पुन्हा धुवायला किती पाणी लागतं ते कुणी धरलंच नव्हतं, आणि शाम्पूची बादली मळली की ओतून नवी करायची, तेही नाही. पूर्ण टँकर आणला म्हणून भागलं. काटेकोर हिशोबावर विसंबून अर्धाच टँकर मागवला असता तर नवमीची संध्याकाळ पाण्यावाचून गेली असती.

वेगळं काय करता आलं असतं

फडकी दुप्पट हवी होती आणि ती वाळत घालायची दोरी आधीच बांधायला हवी होती. खर्च वाढवायचा नसेल तर शाम्पूच्या पैशात हात न आखडता मायक्रोफायबरची संख्या कमी करून घरच्या जुन्या सुती साड्या वाढवता आल्या असत्या. तीन पदरी सुती साडी पाणी चांगलं शोषते.

मोजे सगळ्यांना हवेत. यात काटकसर करायची जागा नाही, आणि फवारणीबद्दलचा तो प्रश्न नवमीच्या संध्याकाळच्या गर्दीत कूपनावर बसलेल्यांनी विचारणं सोडून दिलं होतं. तो कूपनावरच छापून घ्यायला हवा, होय-नाहीच्या चौकटीसह.

गाडी ताब्यात घेताना मालकासमोर चार बाजूंनी फोटो. मोबाइल शिक्षकाचा, वेळ मिनिटभराचा.

दर वाढवावा का, याबद्दल मतं अजून विभागलेली आहेत. मदतपेटीत पडलेल्या पैशांतला मोठा वाटा सकाळच्या पाळीतला होता, जेव्हा मुलांना थांबून अभ्यासिकेबद्दल बोलायला वेळ होता. संध्याकाळी रांगेतल्या माणसाला घाई होती, पेटीकडे कुणी पाहिलं नाही. माझ्या मते दर न वाढवता संध्याकाळची कूपनं मोजकीच विकावीत आणि सकाळची जास्त, मग पेटी आपोआप भरेल. गाईडच्या मॅडमना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, शेतावरून लोक येतातच संध्याकाळी, सकाळचं कूपन घेऊन ते करणार काय? सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस लक्षात घेतले तर त्यांच्या बोलण्यात वजन आहे.

राहिला ट्रॅक्टर. पुढच्या वर्षी पाण्याचेही पैसे काकांना द्यायचे, म्हणजे ट्रॅक्टर आला तरी भीड न ठेवता नाही म्हणता येईल, असं मुलांनी वहीत लिहून ठेवलंय. त्याच्यापुढे सरांनी लाल पेनानं विचारलंय: ‘काकांनी पैसे घेतलेच नाहीत तर?’